दोन्ही टोकांनी मोजलेलं अंतर

लिंबाजीसमोर 'साधारण' हा शब्द काढायची सोय नव्हती. अमुक गाव साधारण किती लांब असेल, असं कुणी विचारलं की भाकरीत खडा लागल्यासारखा त्याचा चेहरा व्हायचा. मग तो शांतपणे विचारायचा, कोणत्या रस्त्यानं? पुलावरनं की पुलाखालनं? विचारणाऱ्याला तेवढ्यात आपण कशाला तोंड उघडलं असं होऊन जायचं.

मी शिवमूर्ती, मूळचा उदगीरचा. लातूरच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. पृथ्वीचा परीघ, अक्षांश, रेखांश मला झोपेतून उठवून विचारा. पण लातूरहून औसा किती, हे मला एसटीच्या तिकिटावरून कळायचं. उंटावरून शेळ्या हाकणारा मी माणूस आणि पायी चालणारा लिंबाजी, असे आम्ही शेजारी होतो. आमच्या घरामागे रस्ता संपायचा, पुढे दहा-बारा बौद्ध घरांची वस्ती होती, त्यातलं पहिलं घर त्याचं. त्याच्याकडे मी पहिल्यांदा चहा प्यायलो तेव्हा आमच्या गल्लीत दोन दिवस कुजबुज चालली. तिसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर आला आणि लोकांना दुसरं काम मिळालं.

लिंबाजी बांधकाम खात्यात मैलकुली होता. रस्त्याचे ठरलेले मैल ज्याच्या अंगावर, खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, दगडांना चुना लावायचा, तो मैलकुली. मैल जाऊन किलोमीटर आले तरी नाव मैलकुलीच राहिलं. आणि त्या मैल-किलोमीटरच्या घोळातच लिंबाजीच्या घरातलं एक दुखणं रुतून बसलं होतं. ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं, तेही त्याच्याकडून नाही.

त्याची बायको भामाबाई. बोलायला कमी, पण लिंबाजीनं कुठलंही अंतर सांगितलं की हातातलं काम न थांबवता ती एवढंच विचारायची, "मैल का किलोमीटर?" लिंबाजी खाली मान घालून उत्तर द्यायचा. मला वाटायचं, नवरा-बायकोची थट्टा आहे. एकदा मीही तिच्या सुरात सूर मिसळून हसलो. कुणीच हसलं नाही, तेव्हा मी आपला चहा पिऊन घरी आलो.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. लिंबाजी-भामाबाई तेव्हा जळकोटच्या बाजूला दुष्काळी कामावर होते. ती खडी फोडायची, आणि तो चौथी शिकलेला म्हणून त्याला मोजणीच्या साखळीचं एक टोक धरायला दिलं होतं. साखळी नवीन, मोजमाप नवीन, किलोमीटर हा शब्दही तोंडात नवीन. एका सकाळी निरोप आला, भामाबाईची आई गेली. माहेर देगलूरच्या अलीकडे, लेंडीच्या काठाला. दिवस मावळायच्या आत माती देणार होते.

हा 'माती' शब्द आमच्याकडे वेगळा वापरतात. पुरण्याला आम्ही माती देणं म्हणतो, आणि त्याला हजर राहणं म्हणजे मातीला जाणं. लिंगायतांतही माती, यांच्या वस्तीतही माती. आमच्यात बसवून आणि त्यांच्यात निजवून, एवढाच फरक. मातीला पोचणं ही शेवटची भेट. लग्नाला नाही गेलं तर चालतं, मातीला गेलंच पाहिजे.

फाट्यावर निजामाच्या काळातला अंतराचा दगड होता, वर उर्दू आकडा. लिंबाजीला तो वाचता येईना. एका म्हाताऱ्यानं वाचून सांगितलं, बावीस. लिंबाजीच्या डोक्यात किलोमीटर भिनलेला. त्यानं हिशेब केला, घंट्याला पाच, म्हणजे दुपारी चारच्या आत पोचतो. कामावर मिलो ज्वारी आणि सुकडीची पोती घेऊन येणारा ट्रक एक वाजता देगलूरकडे परत जाणार होता, त्यात बसा असं मुकादम म्हणत होता. लिंबाजी म्हणाला, कशाला थांबायचं, चालतच जाऊ. दगड निजामाचा होता आणि त्यावरचे बावीस मैल होते. म्हणजे पस्तीस किलोमीटर.

पुढे दुपारी ट्रक त्यांना मागे टाकून गेला. लिंबाजीनं हात केला, पण धुरळ्यात ड्रायव्हरला दिसलं नसावं. त्यानंतर भामाबाई पळत सुटली. उन्हातून, अनवाणी, मध्ये कुठे पाणी मिळेल न मिळेल अशा मुलखातून. पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि माणसं हातपाय धुऊन परतत होती. तिला ओल्या मातीचा ढीग दिसला. त्या मुलखात त्या वर्षी ओली माती फक्त तिथेच दिसली असेल.

हे सगळं मला भामाबाईच्या नणंदेनं, सरजाबाईनं सांगितलं. लिंबाजी त्या दिवसाबद्दल अवाक्षर बोलायचा नाही. पण तेव्हापासून त्यानं ऐकलेलं अंतर कधी मानलं नाही.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. पेढे वाटले गेले, फटाके वाजले, भाषणं झाली. पण रस्त्यावरचे दगड रातोरात बदलत नाहीत. ते बिचारे अजून उस्मानाबाद किती लांब तेच सांगत उभे होते. जिल्हा नवा म्हणजे गावोगावच्या शिक्षकाला, तलाठ्याला, ग्रामसेवकाला आता लातूरला खेपा, आणि प्रवासभत्त्याच्या फॉर्मवर गावापासून जिल्ह्यापर्यंतचं अंतर लिहायचं. आणि असा अंतरांचा तक्ता कुणापाशीच नव्हता. मग लिंबाजीच्या साहेबांना त्याची आठवण झाली. तेव्हापासून तो सायकल घेऊन जिल्हा मोजत सुटला.

त्याची पद्धत बघण्यासारखी होती. पुढच्या चाकाला लाल चिंधी बांधलेली. चिंधी खाली आली की एक फेरा. शंभर फेरे झाले की उजव्या खिशातला ज्वारीचा एक दाणा डाव्या खिशात. मुक्कामाला पोचला की दाणे मोजायचा. आणि खरी गंमत पुढे: येतानाही तेच. जाताना मोजलेलं तो कधी कागदावर चढवायचा नाही. जाताना उतार असतो, चाक घसरतं. येताना चढ असतो, सायकल नागमोडी जाते. तेव्हा दोन्ही आकडे घ्यायचे, बेरीज करायची आणि निम्मं काढायचं. म्हणायचा, "एका बाजूनं मोजलं ते ऐकीव, दोनी बाजूनं मोजलं ते मोजीव."

दीड वर्षात तक्ता झाला. त्यावर सही साहेबांची होती, पण अख्खं लातूर त्याला लिंबाजीचा तक्ता म्हणायचं. अंतराचा दाखला हवा असला की लोक त्यालाच गाठायचे, आणि गोडीगुलाबीनं एखादा किलोमीटर वाढवून मागायचे. एका मुख्याध्यापकानं तर दोन किलोमीटरसाठी माझ्याकडून शब्द टाकवला. लिंबाजीनं ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, मास्तर, गाव दोन किलोमीटर मागं सरकलं का? मी म्हणालो नाही. मग तो म्हणाला, सरकलं की सांगा, मी जाऊन मोजून येतो. मुख्याध्यापक माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत.

त्यांना एकच लेक, गौतमी. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकायची. तिथे पुढे तिनं जो विषय घेतला त्याचं नाव मृदाशास्त्र. भामाबाईनं मला विचारलं, मास्तर, म्हंजे काय? मी सांगितलं, मातीचा अभ्यास. ती म्हणाली, मातीत काय अभ्यासायचं, राबायचं असतंय. पण मनातून खूष होती. पोरगी सुट्टीला आली की अंगणातल्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतली माती वाटीत घालून तिच्यासमोर ठेवायची आणि हिला काय झालंय सांग म्हणायची, वैद्याला नाडी दाखवावी तशी.

शहाऐंशीत गौतमीला शिष्यवृत्ती मिळाली. दोन वर्षं कॅनडात, टोरंटोजवळच्या एका विद्यापीठात. पत्र आलं त्या दिवशी ती नाचायची बाकी राहिली होती. आमच्या महानंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, साखर वाटली. लिंबाजी पत्र हातात धरून तीनदा बाहेर-आत करून आला. फक्त भामाबाई चुलीपुढून उठली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं तोंड उघडलं. "माती शिकायला चालली, चांगलं हाय. माझ्या मातीला पोचंल का?"

तिची प्रकृती तेव्हा ठीक नव्हती. दम लागायचा, पायाला सूज यायची. डॉक्टर औषध खात राहा म्हणत होते, त्यापलीकडे काही म्हणत नव्हते. तिची अट साधी होती. वस्तीत जुनीजाणती माणसं मयत एक दिवस एक रात्र ठेवतात, त्याहून जास्त नाही. तेवढ्यात लेक पोचत असेल तर जाऊ दे, नाही तर नाही. आणि गौतमी आईच्या जातकुळीची. ती म्हणाली, आई हो म्हणाल्याशिवाय मी बॅग भरणार नाही.

पोरीचं एवढं सोन्यासारखं चाललेलं आणि ते अशा अटीवर अडावं, याचा मला संताप आला. माणूस मरायच्या आधीच मरणाचं टाइमटेबल मागतं म्हणजे काय? मी आपणहून त्यांच्या घरी गेलो. विद्यापीठाकडून आलेला विमानाच्या वेळांचा कागद गौतमीनं माझ्या हातात दिला. मुंबईहून सोमवारी पहाटे तीनला सुटणार, लंडनला थांबणार, टोरंटोला सोमवारीच दुपारी दीडला उतरणार.

मी भामाबाईला सांगितलं, साडेदहा तास.

तिनं बोटांवर मोजलं. मुंबईहून लातूरला बसनं तेरा. म्हणजे साडेतेवीस. एक दिवस, एक रात्र, त्यातही अर्धा तास शिल्लक. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मैल का किलोमीटर, मास्तर?"

"घड्याळातले तास, वैनी," मी म्हणालो.

ती मग बरं म्हणाली. गौतमीनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. शिकलेली पोरगी होती, तिला कळलं असणार. कारण खरं तर मलाही कळत होतं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, इथे दुपार असते तेव्हा तिथे पहाट असते, हे नववीच्या पोरांना मी डस्टर आपटून आपटून शिकवलेलं. मुंबईचं घड्याळ एक आणि टोरंटोचं दुसरं. एकातून दुसरं वजा करणं म्हणजे कडब्याच्या पेंढ्यांतून घागरी वजा करण्यासारखं. पण मी स्वतःची समजूत घातली, की मी खोटं कुठे बोललो, कागदावर होतं ते वाचलं. पोरीच्या भल्यासाठी वाचलं.

चार दिवसांनी, रविवारी दुपारी, लिंबाजी माझ्याकडे आला. तोच कागद त्याच्या हातात होता. ओट्यावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मास्तर, वापसीचं पण हाय ह्याच्यात," तो म्हणाला. "शनवारी सांजच्या सातला तिथून निघतंय आन रविवार सरून रातचे साडेबारा वाजता मुंबईला टेकतंय. मी मोजलं. साडेएकोणतीस घंटे भरून राहिले. जाताना साडेदहा आन येताना साडेएकोणतीस. वर चढ हाय का एवढा?"

मी काहीतरी पुटपुटलो.

तो म्हणाला, माझ्या बायकोच्या मातीला पोरगी जाणार नाही, येणार आहे. मग जातानाचा आकडा कशाला धरला?

 खरं सांगतो, परतीच्या ओळीकडे मी बघितलंसुद्धा नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्यानं खिशातून दुसरा कागद काढला. त्यावर त्याच्या ठसठशीत अक्षरात साडेदहा आणि साडेएकोणतीस लिहिलेलं, खाली रेघ, चाळीस, आणि त्याचं निम्मं वीस. म्हणाला, रस्ता तोच, विमान तेच. कुठल्या तरी घड्याळाची खोट आहे. ती जाताना जेवढी खाते तेवढीच येताना ओकते. दोन्हीचं निम्मं काढलं की खोट उडून जाते. वीस घंटे खरे का, मास्तर?

मी आत गेलो, नकाशाची वही काढली. रेखांश मोजले, दोन घड्याळांतला फरक काढला, उन्हाळ्यात तिकडे घड्याळ तासभर पुढे ठेवतात तो तास वजा केला. साडेनऊ तास. मुंबईच्या पहाटे तीनमध्ये वीस मिळवून साडेनऊ वजा केले. दुपारचा दीड. तंतोतंत. तीस वर्षं मी रेखांश शिकवतो. ही युक्ती मला कधी सुचली नव्हती. एका मैलकुलीनं रेखांशाचं नाव न घेता पृथ्वीचं फिरणं बेरीज-वजाबाकीत घालून बाजूला काढून ठेवलं होतं.

एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. वीस घंटे खरे धरायला अंतरही मोजायला हवं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याला भूगोलाच्या खोलीत नेलं. पृथ्वीगोलावर त्यानं शिवणाचा पांढरा दोरा आधी विषुववृत्ताला गुंडाळला. तो वेढा चाळीस हजार किलोमीटरचा, हे मी सांगितलं. मग मुंबईवर बोट ठेवून त्यानं दोरा टोरंटोपर्यंत सरळ ताणला, तर तो रशियावरून, बर्फावरून गेला. बराच वेळ त्यानं ते पाहिलं, आणि दोरा सोडून दिला. म्हणाला, हा जवळचा रस्ता झाला, पण दाखल्यात जवळचा वापरता रस्ता धरायचा असतो. विमान लंडनवरून जाणार, तर आपणही लंडनवरूनच. मग त्यानं लंडनला नखानं दोरा दाबून धरला आणि पुन्हा मोजलं. विषुववृत्ताच्या दोऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याला नखभर कमी भरलं. तेरा हजार किलोमीटरच्या आतबाहेर. वीस घंट्यांतून लंडनचा दोन घंट्यांचा थांबा वजा केला, राहिले अठरा. घंट्याला सातशेच्या वर. त्यानं विचारलं, एवढं पळतं का विमान? मी हो म्हणालो. त्यानं मोजणं उलट बाजूनं, टोरंटोकडून मुंबईकडे, आणखी एकदा केलं, आणि मगच दोरा गुंडाळून खिशात टाकला.

खोलीला कुलूप लावताना मी त्याला म्हणालो, लिंबाजी, तू हे वैनींना सांगणार का? साडेदहावर त्यांनी हो म्हटलंय. पोरीचं आयुष्य आहे. तुझा एक आकडा आणि सगळं पाण्यात जाईल.

तो सायकल हातात धरून माझ्यासोबत चालायला लागला. मग म्हणाला, "मास्तर, एक डाव मी तिला अंतर चुकीचं सांगितलं. तवा मला ठाव नव्हतं. आता ठाव हाय."

मला फार वाईट वाटलं, आणि त्याचा रागही आला. काही माणसं इतकी सरळ असतात की त्यांच्या सरळपणाखाली दुसऱ्याचा पाय सापडतो.

दोन दिवसांनी त्यानं मला बोलावून घेतलं. अंगणात भामाबाई सुपात तूर पाखडत होती. गौतमी दारात उभी होती, रडून डोळे सुजलेले. तिला त्यानं आधीच सांगितलं असावं. लिंबाजीनं एक कागद उघडला. खात्यातल्या अंतराच्या दाखल्यासारखाच त्यानं तो लिहिला होता, वर 'दाखला', खाली सही, तारीख. त्यानं वाचून दाखवलं. तार पोचायला बारा घंटे. तिकीट मिळायला कमीत कमी एक दिवस. विमानाचे वीस, दोन्ही बाजूंनी मोजलेले. मुंबई ते लातूर तेरा. एकूण एकोणसत्तर, म्हणजे तीन दिवसांना तीन घंटे कमी. शेवटची ओळ होती: 'सबब, मातीला पोहोचणे शक्य नाही.'

सूप थांबलं. मी जमिनीकडे बघत होतो. रस्त्यावर टँकर आला होता, घागरींचा गलका चालला होता, पण भामाबाई पाण्याला उठली नाही.

"मैल का किलोमीटर?" तिनं विचारलं.

"घंटे," लिंबाजी म्हणाला. "मोजीव हायत."

ती सुपातले खडे निवडून एका बाजूला ठेवत राहिली. चार-पाच खडे झाले असतील. मग बोलली ते त्याच्याकडे न बघता.

"त्या दिवशी बावीस म्हणालात म्हणून मी पळाले. पस्तीस म्हणाला असतात तर हाय तिथं बसून रडले असते. आईसाठी रडायला मला त्या दिवशी येळच गावला न्हाई. सगळा दिस पळण्यात गेला."

लिंबाजीनं कागदाची घडी घातली.

"जाऊ द्या पोरीला," ती म्हणाली. "पोचत न्हाई हे आताच ठाव झालं, बरं झालं. मी मेले तर तार करू नका. तार आली की माणूस पळतंय. पत्र टाका. पत्राला पळावं लागत न्हाई."

गौतमी येऊन तिच्या मांडीत शिरली. भामाबाईनं तूर सांडू नये म्हणून सूप आधी बाजूला सरकवलं, मग तिला जवळ घेतलं. निघताना मी काहीतरी माफीचं बोलायला लागलो, तर भामाबाई म्हणाली, मास्तर, तुमचे साडेदहा घंटे तुमच्यापाशीच राहू द्या, तुमच्या शाळेत कामाला येतील. तिनं ते हसत म्हटलं. मला मात्र घरापर्यंत कान गरम लागत होते.

गौतमी गेली त्या सोमवारी लिंबाजीनं रजा टाकली. मंगळवारी सकाळी मी गेलो तर देव्हाऱ्यासारख्या कोनाड्यात, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, एक वाटी होती आणि तिच्यात ज्वारीचे दाणे. मी मोजले. वीस, घंट्याला एक. शेवटचा दाणा भामाबाईनं टाकला, असं तो म्हणाला. सव्वीस दिवसांनी पत्र आलं, विमान वेळेवर उतरलं म्हणून. लिंबाजीनं पत्रातली ती ओळ मला दोनदा वाचायला लावली.

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत लिंबाजी गेला.

ती नाही, तो. दम तिला लागायचा, पाय तिचे सुजायचे, आणि सायकलवर जिल्हा पालथा घालणारा हा माणूस सकाळी चहाची बशी खाली ठेवता ठेवता कलंडला. त्रेपन्न वर्षांचा होता. मी धावत गेलो तेव्हा भामाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याच्या मिशीला लागलेला चहा पदरानं पुसत होती.

दुपारपर्यंत गावाकडची माणसं आली. त्याचा थोरला चुलतभाऊ ग्यानोबा भला माणूस, पण आवाजाचा मोठा. त्यानं ठरवून टाकलं, की एकुलती एक लेक आहे, तार करा, बर्फाच्या लाद्या आणा, ठेवू दोन दिवस. विमानानं माणूस कुठून कुठं जातं आजकाल. चार माणसांनी माना डोलावल्या. कुणीतरी तारेसाठी माझ्याकडे पत्ता मागितला.

भामाबाई उठली, आत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज झाला. ती बाहेर आली ती घडी केलेला कागद घेऊन. तो तिनं माझ्या हातात दिला आणि म्हणाली, मोठ्यानं वाचा.

मी वाचला. तार बारा, तिकीट एक दिवस, विमान वीस, बस तेरा. एकूण एकोणसत्तर. शेवटची ओळही वाचली. दाखला त्यानं बायकोसाठी लिहिला होता आणि वाचला गेला त्याच्यासाठी. खाली सही होतीच.

"त्यांनी मोजून ठिवलंय," भामाबाई ग्यानोबाला म्हणाली. "त्याच्यावर कुणी बोलू नगा. दिवस हाय तवर उरका."

 दिवस मावळायच्या बऱ्याच आधी वस्तीमागच्या माळाला त्याला माती दिली. गौतमीच्या नावाची मूठ भामाबाईनं टाकली.

तिसऱ्या दिवशी तिनं मला पत्र लिहायला बोलावलं. पेन हातात घेतलं तर ती म्हणाली, मास्तर, ह्या खेपेला खरं लिवा. तेवढंच ती त्या साडेदहा तासांबद्दल पुन्हा बोलली. मी लिहिलं, बाबा गेले, त्रास झाला नाही, माती झाली. मग तिनं सांगितलेली ओळ जशीच्या तशी घातली: पळू नको, शिकणं पुरं कर, सवडीनं ये.

गौतमी सप्टेंबरात आली, परीक्षा देऊन, पदवी घेऊन. मला भेटली तेव्हा मी विचारलं, पत्र मिळालं तेव्हा काय केलंस? म्हणाली, "पळाले नाही, काका. तपासायची माती वाळत घातली होती, ती गोळा करून डब्यात भरली. खोलीवर गेले, दार लावलं आणि बसून रडले. दोन दिवस रडले."

भामाबाई ऐकत होती. तिनं मान हलवली.

मग गौतमीला माळावर जायचं होतं. पायात चपला घालता घालता तिनं विचारलं, आई, किती लांब आहे गं?

मी म्हणणार होतो, हे काय, साधारण इथेच, वस्तीच्या मागे. पण भामाबाईनं आधी उत्तर दिलं. मोठे आकडे सलग मोजायची तिला सवय नव्हती. ती विसाविसांनी मोजायची, आमच्याकडे त्याला इसा म्हणतात.

"जाताना सतरा इसा आन चार पावलं भरली," ती म्हणाली. "येताना नुसत्याच सतरा इसा. दोनींचं निम्मं तू काढ."

गौतमीनं दारातच उभ्या उभ्या बेरीज केली, निम्मं काढलं. म्हणाली, तीनशे बेचाळीस पावलं. भामाबाई बरं म्हणाली आणि दोघी चालायला लागल्या.